डिस्चार्जनंतरचं घर

(शिरोली एमआयडीसीतील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण या व्याख्यानमालेला दरवर्षी जमतो, त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा तुम्हीच अधिक सांगू शकाल. तुम्ही त्यांच्यासोबत काम केलं आहे. मी त्यांच्या स्मृतीपुढे माझं काम ठेवतो. मी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर नाही. मनोविकार विभागातला समाजसेवक म्हणून मी नोकरी केली. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, औषधं समजावतात आणि मग नातेवाईक शेजारच्या ज्या लहान खोलीत येऊन बसतात, ती माझी खोली. डिस्चार्जचा कागद हातात असतो, गाडी ठरलेली असते, तरी माणसं उठत नाहीत. थोड्या वेळानं कुणीतरी विचारतं, "साहेब, आता घरी नेऊन काय करायचं?"

आज मला या प्रश्नावर बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना ते तपासता येईल. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य अशा आजारांत औषध लागतं. ते सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही आणि माझ्या बोलण्याचा कुणी तसा अर्थही घेऊ नये. पण भास कमी झाले, झोप लागायला लागली, की तिथून पुढची सगळी वाट माणसांच्या सोबतीनं चालायची असते. कुणीतरी नावानं हाक मारतं, पंगतीत पान मांडतं, कामावर 'ये रे' म्हणतं, तेव्हा माणूस पुन्हा उभा राहतो. आणि ही सोबत एकट्या आईच्या किंवा एकट्या बायकोच्या गळ्यात टाकली, तर तीही मोडते आणि आजारही उलटतो. सोबत हे उपचाराचंच काम आहे आणि ते वाटून घ्यावं लागतं.

हे शिरोलीत बोलायला कारण आहे. पुणे-बंगळूर महामार्गाला लागून ही वसाहत वाढली ती ओतकामावर आणि मशीन शॉपवर. इथं पाळ्या आहेत. रात्रपाळीनं झोप मोडते, आणि ज्याच्या मनाचा तोल आधीच नाजूक आहे त्याला मोडलेली झोप फार महागात पडते. बायपोलरमध्ये आजार उलटण्याआधी पुष्कळदा पहिल्यांदा झोप उडते, हे मनोविकारशास्त्रातलं पक्कं निरीक्षण आहे. इथं कंत्राटी माणसं आहेत. एखादा आठ दिवस दिसला नाही की त्याच्या जागी दुसरा येतो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली, एका खोलीत बरेच जण मिळून राहणारी मुलं आहेत. त्यांचं घर हजार-दीड हजार किलोमीटर लांब आहे. आणि इथं एक गोष्ट भरपूर आहे, जी कुठल्याही इस्पितळात मिळत नाही, ती म्हणजे रोजचं काम. म्हणून या विषयाचा अर्धा भाग डॉक्टरांपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता एका मुलाचं सांगतो. तो कुणी एक नाही. अशा अनेक घरांतून जे ऐकलं ते एकत्र करून सांगतो आहे. वय चोवीस-पंचवीस. सीएनसी मशीनवर हात बसलेला. दोन-तीन महिने झोप कमी झाली. मग शेजारच्या मशीनवरचे लोक आपल्याविषयीच बोलतात असं वाटायला लागलं. सुपरवायझर मोबाईलमधून आपलं मन वाचतो असं तो एक दिवस मोठ्यानं म्हणाला. लोक आधी हसले, मग दचकले. घरी आईनं दृष्ट काढली. मामा म्हणाला, बाहेरचं असंल, देवरशाकडं नेऊन बघू. तिथनं नृसिंहवाडी, तिथनं मिरजेचा डॉक्टर, कोल्हापुरात सरकारी सीपीआर रुग्णालय, आणि एका रात्री त्यानं घरातली भांडी फोडली तेव्हा गाडी करून आंबा घाटानं रत्नागिरीचं मनोरुग्णालय. या सगळ्या फेऱ्यांत पाच-सहा महिने गेले, थोडं सोनं मोडलं, बहिणीचं ठरत आलेलं लग्न पुढं ढकललं गेलं.

मग तो बरा होऊन घरी येतो. खरी गोष्ट इथून सुरू होते. त्याचे भास थांबले आहेत, पण अंगात जडपणा आहे. सकाळी लवकर उठवत नाही. चेहऱ्यावर हसू उमटत नाही. बाप म्हणतो, "आता बरा झालायस न्हवं, मग ऊठ, कामाला लाग." भाऊ म्हणतो, सोंग करतोय. आई दिवसभर मागं मागं असते. जेवलास का, गोळी घेतलीस का, कुठं चाललास, कुणाचा फोन होता. तो गोळी घेत नाही असा संशय येतो तेव्हा ती आमटीत गोळी कुटून घालते. त्याला ते कधीतरी कळतं. लोक आपल्या अन्नात काहीतरी मिसळतात हा ज्याच्या आजारातला संशय होता, त्याच्या अन्नात खरोखरच काहीतरी मिसळलं जात होतं! आईनं हे मायेपोटीच केलं, पण त्या दिवशी त्या घरातला विश्वास संपला. अशा आईला मी कधी दोष दिला नाही. तिला दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं.

घरी गेला म्हणजे बरा झाला, असं आपण धरून चालतो. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञानं मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या पुरुषांचा माग काढला, तेव्हा उलटंच दिसलं. जे आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेले होते, ते पुन्हा इस्पितळात येण्याचं प्रमाण जास्त होतं; जे भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेले, ते जास्त टिकले. रक्ताचं जवळचं नातं आजाराला वाईट, असा याचा अर्थ नव्हता. पुढच्या संशोधनातून कारण हाती लागलं. ज्या घरात सतत टीका होते, राग असतो किंवा काळजीपोटी त्या माणसाला श्वासही घेऊ दिला जात नाही, त्या घरात आजार उलटतो. १९७६ साली ख्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी ब्राऊन यांची आकडेवारी आपल्या अभ्यासाशी जोडून दाखवली. अशा तणावाच्या घरांत नऊ महिन्यांत निम्म्याच्या आसपास माणसांचा आजार उलटला, शांत घरांत साधारण आठांतल्या एकाचा. इतका फरक. आणि त्या घरात माणूस दिवसभर समोरासमोर किती वेळ बसतो, यावरही तो फरक अवलंबून होता. घराबाहेर काही वेळ जाण्याची सोय झाली, तर धोका कमी होत होता.

पुढे घरातला तणाव मोजण्याची तीच पद्धत चंदीगडमध्ये वापरली गेली. प्रा. एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. तिथं तणाव वाढवणारे नातेवाईक लंडनच्या जवळपास निम्मेच निघाले. आपल्याकडची घरं टीका कमी करतात, चालवून घेतात, 'असू दे, त्याला जमंल तेवढं करू दे' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६०च्या दशकाअखेर सुरू झालेल्या पाहणीत आग्रा हे भारतातलं केंद्र होतं. तिथले आणि नायजेरियातल्या इबादानचे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा पुढे बरे राहिलेले दिसले. त्या निष्कर्षावर बराच वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. पण त्यामुळे एक विचार तरी करता येतो की आपल्याकडे काहीतरी जपण्यासारखं आहे.

ते आपल्या देशातल्या काही डॉक्टरांनी फार लवकर ओळखलं. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्या सागर यांनी १९५०च्या दशकात इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथं राहायला बोलावलं. माणसं कमी होती, खाटा कमी होत्या, ही अडचण होतीच. पण त्या अडचणीतून मोठी गोष्ट निघाली. नातेवाइकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की आरडाओरडा करणारा माणूस तीन-चार आठवड्यांत शांत होतो, बोलतो, जेवतो. शेजारच्या तंबूतली बाई आपल्यासारखीच रडते आहे हे त्यांना दिसलं. घरी परतताना ते भीती इस्पितळातच ठेवून गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं मानसिक आरोग्य केंद्र १९५७ साली सुरू झालं, ते या पायावर की रुग्णासोबत घरचं कुणीतरी राहीलच. जगात इतरत्र नातेवाइकांना भेटीची वेळ ठरवून दिली जात होती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

इथं मात्र मला थांबून एक सांगायला हवं. 'घरचं कुणीतरी' म्हणजे कोण? व्हीडा स्कल्टन्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी फलटणला महानुभाव पंथाच्या देवळात राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९८७ साली छापून आला. आजारी माणसाला घेऊन लोक तिथं आठवडे, महिने राहायचे. स्कल्टन्स बाईंना दिसलं की आजारी मुलगा किंवा नवरा शांत बसलेला असायचा आणि अंगात यायचं ते बऱ्याचदा सोबत आलेल्या आईच्या किंवा बायकोच्या. घरावरचं संकट आपल्या अंगावर यावं आणि मुलगा सुटावा, असं त्या बायका मागत होत्या. तो अभ्यास वाचल्यापासून माझ्या खोलीत बसलेल्या बायकांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. देवळात जे उघड दिसत होतं, ते आमच्या ओपीडीत मुकाट्यानं चालू होतं. नवरा आजारी पडला तर बायको नोकरी धरून, सासूचं ऐकून, त्याच्या गोळ्या सांभाळून वर्षानुवर्षं राहते. बायको आजारी पडली तर तिला माहेरी आणून सोडलं जातं. लग्नाआधी लपवलं, या एका वाक्यावर संसार मोडतात. आईबाप आहेत तोवर माहेर असतं. ते गेले की भावजयीच्या दारात ती उभी असते आणि मग बरी असूनही तिची मनोरुग्णालयातली खाट सुटत नाही.

म्हणून 'आपली कुटुंबव्यवस्था मजबूत आहे, आपल्याला वेगळी सोय कशाला' असं कुणी भाषणात म्हटलं की मला त्रास होतो. कुटुंब म्हणजे बिनपगारी इस्पितळ नव्हे. आणि त्यात राबणारी बाई माणूस आहे.

कुटुंबानं हे एकट्यानं करू नये, हे मराठी माणसांत फार कळकळीनं मांडलं ते डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नी कमलिनीताईंना स्किझोफ्रेनिया होता. परदेशात, मराठी मंडळीत, प्राध्यापकाच्या घरात हा आजार आहे हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. कॅनडात आजारी माणसांच्या नातेवाइकांच्या संघटना त्यांनी पाहिल्या आणि १९९०च्या दशकात पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथं रुग्ण आणि नातेवाईक यांचे स्वमदत गट बसू लागले. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केलेला 'देवराई' हा चित्रपट आला, त्यामागेही वाणींचाच पुढाकार होता. त्यात अतुल कुलकर्णींनी आजारी भावाचं काम केलं आणि सोनाली कुलकर्णींनी बहिणीचं. त्या चित्रपटाचं मोल मला यात वाटतं की त्यात बहिणीच्या घराचीही गोष्ट आहे. भाऊ आपल्या घरी आल्यावर तिच्या संसाराला काय काय सोसावं लागतं ते त्यात दिसतं. २०१७ साली वाणी गेले. त्यांनी सुरू केलेलं काम चालू आहे.

स्वमदत गटात नेमकं काय होतं, ते सांगतो, कारण इथं ते सुरू करणं अवघड नाही. दहा-बारा माणसं गोल बसतात. एक आई म्हणते, माझा मुलगा दुपारी बारापर्यंत उठत नाही, मी काय करू? डॉक्टर म्हणाले असते, डोस बघू. गटातली दुसरी आई म्हणते, माझाही उठायचा नाही. मी रागवायचं सोडलं आणि दूध आणायचं काम त्याच्याकडं दिलं. आधी आठवड्यातून दोनदा जायचा, आता रोज जातो. या एका वाक्यात जेवढा उपचार आहे, तेवढा आमच्या अर्ध्या तासाच्या समुपदेशनात नसतो. आणि त्याच गटात एखादा तरुण स्वतःच सांगतो की आवाज अजून येतात, पण मी त्यांना संध्याकाळी बोलू म्हणतो. बाकीच्यांना कळतं की पूर्ण बरं होण्याची वाट बघत न बसता जगायला सुरुवात करता येते. बरं होणं याचा हाच अर्थ मला पटतो. लक्षणं थोडी राहतील, गोळी राहील, आणि तरीही काम, मैत्री, रुसवे-फुगवे, वर्गणी, गणपती असं सगळं आयुष्य असेल.

व्यसनाच्या क्षेत्रात हे आपण आधीच पाहिलं आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. तिथं व्यसनातून बाहेर पडलेले लोकच पुढे कार्यकर्ते झाले, आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट झाला. भट्टीच्या उष्णतेत दिवस काढून संध्याकाळी बाटलीकडे वळणारी माणसं इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहेत. त्यांच्यातल्या किती जणांच्या दारूखाली नैराश्य दडलेलं असतं, हे वेगळं व्याख्यान होईल. आज तिकडे जात नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ज्याला घरच नाही किंवा घर आहे पण ते घेत नाही, त्याचं काय?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १९ नुसार मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घर नाही म्हणून कुणाला इस्पितळात ठेवून घेता येत नाही. अशांसाठी लहान निवासगृहं उभारणं सरकारचं काम आहे. साखळीनं बांधून ठेवण्याला कलम ९५ नं बंदी आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळीनं बांधलेली २८ माणसं मेली, हे विसरण्यासारखं नाही. एवढा स्पष्ट कायदा असूनही जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सुनवावं लागलं की बऱ्या झालेल्या माणसांना मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं बंद करा. भिक्षेकरीगृह! जिनं कधी कुणापुढे हात पसरला नाही, आजारी पडली हाच जिचा दोष, तिला तिथं.

पण दुसरा रस्ताही आहे आणि तो आपल्यापासून लांब नाही. चेन्नईची 'द बॅनियन' ही संस्था १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुण मुलींनी सुरू केली. २०१५ पासून त्यांनी 'होम अगेन' हा उपक्रम चालवला. साध्या वस्तीत भाड्याचं साधं घर घ्यायचं, वर्षानुवर्षं इस्पितळात राहिलेल्या चार-पाच जणींनी तिथं एकत्र राहायचं, सोबतीला जवळपासची, थोडं शिकवून तयार केलेली एक बाई. पाटी नाही, गणवेश नाही, घंटा नाही. स्वयंपाक काय करायचा ते त्याच ठरवतात, बाजारात जातात, शेजारणीशी भांडतात, वाटीभर साखर मागतात. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून बाहेर आलेल्या माणसांसाठीही अशी घरं झाली. ज्या इस्पितळाच्या नावानं आपल्याकडं 'आता रत्नागिरीलाच न्यावं लागंल' असं म्हणतात, तिथूनच माणसं बाहेर येऊन वस्तीत राहिली.

अशी घरं जगात नवीन नाहीत. बेल्जियममध्ये हेल नावाचं गाव आहे. संत डिम्फनाच्या दर्शनाला लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन यायचे. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. ही रीत शेकडो वर्षं चालली आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस साडेतीन हजारांहून जास्त माणसं त्या गावातल्या घरांत राहत होती. घरच्यांना रोगाचं नाव सांगितलं जात नसे. एवढंच सांगितलं जाई की हा आता तुमच्यात राहणार, शेतात मदत करील. अमेरिकेत डॉ. लोरेन मोशर यांनी १९७१ साली कॅलिफोर्नियात 'सोटेरिया' हे घर चालू केलं. पहिल्यांदा आजारी पडलेले थोडेच तरुण तिथं राहत आणि त्यांच्याजवळ दिवसरात्र बसणारी साधी माणसं असत. शक्य तिथं औषध कमी ठेवलं जाई आणि तरीही बरेच जण सावरले. ते प्रयोग निवडक माणसांवरचे होते, सगळ्यांना लागू नाहीत. ते घर १९८३ साली बंद पडलं. पण त्याच धर्तीवर स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथं १९८४ साली निघालेलं घर आजही चालू आहे.

आणि आपण तर कोल्हापूरचे. घरापासून लांब आलेल्या पोराला राहायला जागा, जेवायला ताट आणि पाठीवर हात लागतो, हे राजर्षी शाहूंनी ओळखलं होतं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक बोर्डिंगं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या मुलांसाठी महाराजांनी शहराच्या आत घर उभं केलं. आज वेशीबाहेर कोण आहे, असा प्रश्न कुणी विचारला तर बरी होऊनही मनोरुग्णालयात अडकलेल्या माणसांच्या वॉर्डाकडे मी बोट दाखवीन.

घर आणि शेजार यांच्यामधलं काम साधी माणसं करू शकतात, हेही महाराष्ट्रानं दाखवलं आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प चालवला. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवलं. कुणी खचलेलं दिसलं तर त्याच्याजवळ जाऊन बसायचं, चार-सहा वेळा नीट बोलायचं, मोबाईलवर लहान चित्रफिती दाखवायच्या, पेन्शन किंवा घरकुलाचा कागद अडला असेल तर त्यात मदत करायची, आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोहोचवायचं. कागद अडणं आणि मन खचणं यांचा संबंध असतो हे ज्यांनी हेरलं, त्यांचं मला कौतुक वाटतं. पुढे हा उपक्रम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जगातल्या चांगल्या उदाहरणांत तो नोंदवला. सुरुवात नाशिकच्या खेड्यांत झाली होती.

आता तुमच्याकडं येतो. कारखानदार, मॅनेजर, युनियनचे कार्यकर्ते, ठेकेदार, सगळ्यांकडं.

पहिलं. तुमच्या कामगारांपैकी महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांचा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो, कंत्राटी माणसांचासुद्धा. ईएसआयच्या दीर्घकालीन आजारांच्या यादीत टीबी, कॅन्सर यांच्याबरोबर सायकोसिसही आहे. ठरावीक काळ नोकरी झाली असेल, वर्गणी भरलेली असेल, तर अशा आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. त्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाच्या आईनं सोनं मोडलं, ते कदाचित मोडावं लागलं नसतं. तिला कुणी सांगितलं नाही. हे सांगणं पर्सोनेल विभागाचं काम आहे.

दुसरं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि वीस किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनेनंही समान संधीचं धोरण लेखी जाहीर करावं असं त्याचे नियम सांगतात. आपल्या वसाहतीत वीसच्या वर माणसं असलेले कारखाने कमी नाहीत. ते धोरण फाईलला लावू नका, वापरा. आजारातून परत आलेल्या माणसाला पहिले काही महिने रात्रपाळी देऊ नका. सकाळी गोळीची गुंगी असते, तेव्हा त्याला लगेच फर्नेसवर किंवा प्रेसवर उभं करू नका. तपासणी, पॅकिंग, स्टोअर अशा जागी अर्ध्या दिवसानं सुरुवात करू द्या. त्याच्यासोबत एक जाणता माणूस जोडून द्या, जो त्याच्यावर पाळत ठेवणार नाही पण चहाला बरोबर नेईल. लंडनच्या त्या अभ्यासात घराबाहेरच्या वेळेचं जे मोल दिसलं होतं, ते इथं एका पाळीत मिळतं. घरातल्या आईलाही तेवढा वेळ मोकळा श्वास मिळतो.

तिसरं घरांविषयी. आपल्या नागावात, टोपला, हालोंडीला, शिरोली पुलाचीत भाड्यानं खोल्या देणारे पुष्कळ आहेत. 'असल्या' माणसाला खोली देणार नाही, असं म्हणू नका. चार-पाच जणांचं एखादं घर या परिसरात उभं राहावं, त्याला सीपीआरच्या मनोविकार विभागाचा आधार असावा, त्याचं भाडं दोन-तीन कारखान्यांच्या सामाजिक निधीतून जावं, ही मागणी मी जाहीरपणे करतो आहे. हे कठीण आहे असं मला कुणी सांगू नये. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात महामार्ग पाण्याखाली गेला, दिवसचे दिवस गाड्या अडकून पडल्या, तेव्हा अनोळखी ट्रकचालकांना जेवू घातलं ते याच भागातल्या लोकांनी.

आणि घराघरांसाठी थोडंसं. आजारी माणसाच्या नकळत गोळी देऊ नका. डॉक्टरांना सांगा, ते दुसरा मार्ग काढतील. पुन्हा आजार उलटला तर काय करायचं, कुणाला बोलवायचं, कोणतं औषध नको, हे तो बरा असताना त्याच्याकडून लिहून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्याला तसा अधिकार दिला आहे, आणि आपला प्रतिनिधी कोण हेही तोच ठरवू शकतो. घरातल्या एकीवर सगळं टाकू नका. चुलत्यानं महिन्यातून एकदा दवाखान्यात सोबत जावं, भावानं रविवारी त्याला घेऊन रंकाळा तलावावर फिरून यावं, शेजाऱ्यानं हळदीकुंकवाचं बोलावणं त्या घरालाही द्यावं.

आज इथून निघताना एवढं करा. आपल्या खात्यात, आपल्या गल्लीत गेल्या वर्षभरात कोण असा दिसेनासा झाला आहे ते आठवा आणि या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या. उपदेश करू नका, चहा घ्या, कामावर कधी येतोस ते विचारा. आणि कारखानदारांनो, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं. गेटवर अपघातमुक्त दिवसांचा फलक असतो, त्याच्याखाली तो क्रमांक उद्याच मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.